मिठामागे गेलेले घरमालक

कुठलंही नवं पाणी दिसलं की ते आधी बोट बुडवून जिभेला लावत. नळाचं, विहिरीचं, पत्र्यावरून गळणारं, कुणी बाहेरगावाहून आणलेल्या बाटलीतलं. मी विचुंब्याला खोली बघायला गेले तेव्हा दलाल टाइल्सचं आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचं वर्णन करत होता, आणि हे मोरीतला नळ सोडून ओंजळीतलं पाणी चाखत उभे होते. मग दलालाकडे न बघता मला म्हणाले, "पानी बरा हाय. राहा तुमी."

आमचा करार एवढ्यावर झाला. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतीच निवृत्त झाले होते. एकटी होते आणि पुस्तकांची खोकी फार होती. ती वर चढवायला त्यांनीच माणसं बोलावली आणि स्वतः जिन्याखाली उभे राहून दर खोक्यामागे विचारत राहिले, यात पण पुस्तकंच का. शेवटची काही खोकी त्यांनी न विचारता जाऊ दिली.

गाव त्यांना शेठ म्हणत असे. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात घर उभं राहिलं की आमच्याकडे माणूस शेठ होतो. त्यांना ते आवडत नसे. ते मूळचे गव्हाणकडचे. आजा-पणज्यापासून घरात मिठागराचं काम. आगर भरावाखाली गेलं, बायको पुढच्या दोन पावसाळ्यांत गेली, आणि मुलाने विचुंब्याला हे दुमजली घर बांधून त्यांना त्यात आणून ठेवलं. मुलगा स्वतः खांदा कॉलनीत राहायचा. त्याचा रेती-खडीचा धंदा होता. घर चांगलं होतं. त्यात काय करायचं हे तेवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांना कधी काही म्हणून हाक मारली नाही. काका म्हणावं तर आमची वयं जवळपास सारखी. दादा म्हणायला उशीर झाला होता. शेठ चालत नसे. आणि नुसतं 'अहो' म्हणणं माझ्या पिढीच्या बाईला जड जातं. त्यामुळे काही सांगायचं असलं की मी जिन्याच्या कठड्यावर किल्ली वाजवायची आणि ते व्हरांड्यातून मान वर करायचे. ते मला मॅडम म्हणत. अशी आमची सोय झाली होती.

पुढच्या अंगणात, जिथे बाकीच्या घरांपुढे गाड्या उभ्या असतात, तिथे त्यांनी एक आगर केलं होतं. मोठ्या पलंगाएवढं. खाडीचा काळा चिखल टेम्पोने आणून टाकला होता, भोवती गुडघ्याच्या खाली येईल असा बांध घातला होता. दिवाळी सरली की ते चिखल तुडवायला घेत. हातात बांबू, लुंगी वर खोचलेली, आणि एकाच लयीत पाय. तळ असा चोपून घट्ट करायचा की पाणी खाली झिरपू नये. पूर्वी हे काम दहा-बारा जण रांगेने करत आणि तोंडाने गाणं म्हणत. ते एकटेच होते, म्हणून गाणं म्हणत नसत. उधाणाच्या दिवशी बुलेटला दोन्ही बाजूंना कॅन बांधून खाडीवर जायचे आणि खारं पाणी घेऊन यायचे. फेब्रुवारीत त्या डबक्यावर पांढरी कड धरायची. मेअखेरपर्यंत मीठ निघायचं ते दोन-तीन घरांना पुरेल इतकं, करडं, मातीचा वास असलेलं.

शेजारच्या इमारतीतले लोक म्हणत की डास होतात. खाऱ्या पाण्यात डास होत नाहीत, हे ते सांगत, पण कुणी ऐकत नसे. मुलाला लाज वाटायची. एकदा रविवारी आला तेव्हा मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तो म्हणाला, बाबा, लोक मला विचारतात, तुझ्या घरी मिठाला पैसे नाहीत का. ते पाय न थांबवता म्हणाले, "सांग त्यांना, मीठ हाय. पैसं खारं लागत नाय."

मुलगा वाईट नव्हता. तो जाताना बांधाला चाक लागणार नाही अशी गाडी मागे घेत असे.

त्यांचं आणि माझं बोलणं सुरू झालं ते नकाशामुळे. कुणीतरी त्यांच्या फोनवर एक चित्रफीत पाठवली होती. कुठल्याशा परक्या समुद्रकाठी माणसं लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ ओढत होती. हे कुठे आहे ते विचारायला ते पहिल्यांदा जिन्याच्या चार पायऱ्या चढून आले आणि तिथेच थांबले. मला सांगता आलं नाही, म्हणून मी माझ्या खोक्यांतला शाळेच्या वेळचा एक जुना मोठा नकाशासंग्रह घेऊन खाली गेले. त्या संध्याकाळी त्यांनी किनाऱ्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट थांबवायचे आणि विचारायचे, इथं मीठ हाय? मला ठाऊक नसायचं. मी वर येऊन इंटरनेटवर शोधायची, दुसऱ्या दिवशी खाली जाऊन सांगायची. इराणात आहे. तुर्कस्तानात आहे. ग्रीसला आहे. पोर्तुगालला अजून हाताने काढतात.

असा एक हिवाळा गेला. मी नकाशावर पेन्सिलने बारीक फुल्या करत होते. एक दिवस त्यांनी त्या फुल्या जोडणारी रेघ ओढली आणि म्हणाले, हा रस्ता बुलेटचा हाय.

मला वाटलं, चेष्टा. ती नव्हती. साठी जवळ आली होती, इंग्रजी कामचलाऊ, हिंदी आगरी वळणाची. मुलगा संतापला, मग रडकुंडीला आला, मग विमानाचं तिकीट काढून देतो म्हणाला, महिनाभर फिरून या, टूरबरोबर जा, जेवणसुद्धा आपलं मिळतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की विमानाने गेलं की मधलं सगळं पाणी चुकतं.

गाडी परदेशी न्यायची तर एक कागद लागतो. कार्ने म्हणतात त्याला. गाडीचा पासपोर्टच म्हणायचा. त्याची अट अशी की गाडी मुदतीत मायदेशी परत आलीच पाहिजे. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, टाकून येता येत नाही. मी तो कागद त्यांना वाचून दाखवला आणि वाचताना मला बरं वाटलं. मुलालाही बरं वाटलं. मुदत वर्षाची होती. माणूस हट्टाने जाईल, पण कायदा त्याला वर्षात घरी आणेल, असं आम्ही दोघं न बोलता धरून चाललो.

गाडी इथल्याच बंदरातून लाकडी खोक्यात बंद होऊन गेली. जहाज माणसांना घेत नव्हतं, त्यामुळे दुबईपर्यंत त्यांना विमानानेच जावं लागलं. तिथून पहिला आवाजी निरोप आला. "गारी बोटीनं ऐटीत गेली, मॅडम, आन मी सामानासारका विमानात."

ते फोटो पाठवत नसत. फोनवर बोलून निरोप पाठवायचे. त्यात बहुतेक वारा असायचा. वाऱ्यामागे त्यांचा आवाज, आणि त्यात दर ठिकाणच्या मिठाची चव. एका तळ्याचं मीठ जिभेच्या टोकाला लागतं आणि मागे कडू होतं. एका गावचं चावावं लागतं. एका सीमेवर दोन दिवस थंडीत अडकले होते. तिथल्या शिपायाने खडीसाखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्यायला शिकवलं. त्यांनी त्याला खिशातलं विचुंब्याचं मीठ चाखवलं, आणि त्याने तोंड वाकडं केलं हे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. मी ते निरोप स्वयंपाक करताना ऐकायची. ऐकून झाले की पुन्हा लावायची. खालच्या अंगणातल्या आगरात त्या वर्षी पाणी भरलं नव्हतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या. कुणीतरी तिथे स्कूटर लावायला लागलं होतं.

लोक मला विचारायचे, शेठ कुठपर्यंत पोचले. जणू मी त्यांच्या घरातली होते.

पोर्तुगालात ते एका खाडीच्या काठी पोचले. तिथे एका म्हातारीचं लहानसं मिठागर होतं. नवरा गेलेला, मुलगा शहरात, हाताशी फक्त नात. कामाला माणूस मिळत नव्हता. आगर दिसताच यांनी काय करावं, तर रस्त्यावर गाडी लावली, बूट-मोजे काढले, आत येऊन बांधावर वाकून नमस्कार केला आणि सरळ मिठाच्या कुंडीत उतरून तुडवायला सुरुवात केली. आपल्याकडे आगराला भेट देणारा जाणता माणूस दोन पावलं तुडवून देतो. तो मान असतो. तिथे कुंडीत पाय घालणं म्हणजे ताटात पाय घालणं. ती माणसं काठावर उभी राहून फळीने मीठ ओढतात, तळाला धक्का लागू देत नाहीत. वर पाण्यावर साय धरते ती वेगळी काढतात, तिला जास्त भाव. यांनी साय मोडली, तळाचा चिखल वर आणला, सबंध कुंडी गढूळ केली. म्हातारी ओरडत आली. यांना वाटलं, स्वागत करते आहे, म्हणून आणखी जोरात तुडवलं.

हा निरोप मी कितीदा ऐकला असेल. मध्ये हसून हसून त्यांना खोकला येतो. मग थोडा वेळ फक्त वारा. मग ते म्हणतात, "मना वाटला होता, मिठातला मना सगला येते. काय नाय येत, मॅडम. पयल्यापासून शिकायला लागल."

त्या सुरात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी मुदत मोजत होते.

नासवलेली कुंडी नीट करून देतो म्हणून ते तिथे राहिले. पहिला उन्हाळा त्यांना फळी हातात दिली नाही, फक्त टोपल्या वाहू दिल्या. गव्हाणला ज्यांच्या शब्दावर आगराचं पाणी सुटत असे, त्यांना म्हातारीची विशीतली नात सांगत होती की टोपली अशी धरायची नाही, तशी धरायची. हेही ते कौतुकाने सांगायचे. मग म्हातारीने कुठल्याशा कचेरीत जाऊन त्यांच्या कामाचे कागद केले. राहायची परवानगी मिळाली. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळत होतं आणि मी प्रत्येक तुकड्याचा अर्थ असा लावत होते की माणूस परतीच्या आधी सगळं नीट आवरतो आहे.

वर्ष भरत आलं तेव्हा मुलाला एजंटचा फोन आला की गाडी बंदरात लागते आहे. त्याने मला विचारलं, येता का. आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. विमानतळावर जायला लागेल म्हणून त्याने तो आठवडाही मोकळा ठेवला होता. गाडी आली म्हणजे मागोमाग ते असणारच. घरी खालचा मजला त्याने रंगवून घेतला होता. गोदामात बराच वेळ बसवून ठेवलं, कागद झाले, मग दोन माणसांनी पहारीने खोक्याच्या फळ्या काढल्या. आत बुलेट होती. चाकांच्या तारांपर्यंत धुऊन पुसून, तेल लावून, आरसे कापडात गुंडाळून बसवलेली. इतकी स्वच्छ गाडी त्यांनी इथे कधी ठेवली नव्हती. मुलगा तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि टाकीवर हात ठेवून उभा राहिला. पुन्हा वापरायच्या गाडीला माणूस इतकं पुसत नाही, हे त्याला माझ्या आधी समजलं.

त्याने तिथूनच फोन लावला. स्पीकरवर. काय बोलणं झालं ते सगळं इथे लिहीत नाही. मुलगा बराच वेळ बोलला, मोठ्याने बोलला, आईचं नाव काढलं. पलीकडून वारा येत होता. शेवटी ते म्हणाले, "गारीला कायदा हाय, बाला. ती आली. मना कायदा नाय."

येताना मुलगा टेम्पोमागे गाडी चालवत होता आणि टेम्पोत ती बुलेट उभी बांधलेली होती. सबंध रस्ता आम्ही तिच्याकडे बघत आलो.

त्यानंतर ते दर आठवड्याला मला फोन करायचे. मुलालाही करायचे, पण तो कमी बोलायचा. मी काय वाचते आहे ते विचारायचे आणि सांगितलं की 'बरा' म्हणायचे. त्यांनी कधीच पुस्तक वाचलं नव्हतं. मी सांगितलेल्या गोष्टींतली माणसं मात्र त्यांना पक्की लक्षात राहत, आणि महिन्यांनी एखाद्याची चौकशी करत, त्या विधवा बाईचं पुढे काय झालं. मी सांगायची. कधी पुस्तकात पुढे काही झालेलं नसायचं, तर मी त्यांच्यासाठी काहीतरी घडवून सांगायची.

एकदा म्हणाले, या ना तुमी. इथं वाचायला काय बंदी नाय.

मी हसून विषय बदलला. दुसऱ्या महिन्यात मी पासपोर्ट काढला. पोलिस चौकशीला आला तेव्हा शेजारच्यांना वाटलं की चोरी झाली. पासपोर्ट आला, तो कपाटात ठेवला, आणि त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जावं लागलं असतं. माझं वय, माझे गुडघे, माझी पुस्तकं, अशी कारणं होती, आणि ती खरीही होती. शिवाय मला अजून वाटत होतं की ते येतील. म्हातारपणी माणूस आपल्या भाषेत येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

त्यांच्या बोलण्यात एक बदल झाला होता, तो कधी झाला ते मला सांगता येणार नाही. आधी ते विचारायचे, आपल्याकडे पाऊस लागला का. मग केव्हातरी विचारायला लागले, तुमच्याकडे पाऊस लागला का. आणि लगेच सांगायचे, आमच्याकडे अजून कोरडा हाय, मीठ चांगला पडते.

ते गेले ते बांधावर बसल्या जागी. सकाळचं काम संपवून पाणी प्यायला बसले होते. म्हातारीच्या नातीने मुलाला कळवलं आणि दुपारी मुलगा माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा जिना चढून वर आला होता. खुर्चीवरची पुस्तकं उचलून मी त्याला जागा करून दिली.

त्याने वाटेतच सगळी चौकशी केलेली होती. धंद्यातला माणूस, रडण्याआधी व्यवस्था बघतो. म्हणाला, "बॉडी आणता येते, मॅडम. वेळ लागतो, पण आणता येते. नाहीतर तिकडं जाळून अस्थी तरी. ते लोक विचारतायत काय करू. मी काय सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही मुलगा आहात.

"मी मुलगा हाय ते कागदावर. बोलायचे ते तुमच्याशी. तुमी सांगा, मी तसं करतो."

तो खरंच तसं करणार होता. मी हो म्हटलं असतं तर त्याने सगळी खटपट करून त्यांना आणलं असतं. खाडीपुलाखालच्या घाटावर, जिथे उभं राहिलं की पूर्वीच्या आगरांच्या जागी आता कंटेनरच्या रांगा दिसतात, तिथे सगळं विधिवत झालं असतं. मी गेले असते. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते अशा रीतीने का होईना, झालं असतं. मी उठून पाणी आणलं. त्याच्यापुढे ठेवलं. त्याने प्यायलं नाही.

मी म्हटलं, "तिथंच असू द्या त्यांना."

"अस्थी पण?"

"त्याही. तिथल्या खाडीत सोडा म्हणावं."

 त्याने विचारलं, इथं दहावा कशावर करू मग?  मग स्वतःच म्हणाला, भटजींना विचारतो, काहीतरी असेल. आणि मग त्याने डोळे पुसले आणि माझ्यासमोरच म्हातारीच्या नातीला फोन लावला. त्याचं इंग्रजी धंद्याचं, तुटक. त्याने सांगितलं की वडील तिकडेच राहतील. तिने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, फॅमिलीने ठरवलंय. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "इथं आमच्या…" आणि त्याला पुढचा शब्द सापडेना. भाडेकरू हा शब्द खरा होता, पण त्याने तो वापरला नाही. त्याने फोन माझ्या हातात दिला.

मी त्या मुलीला माझं नाव सांगितलं. तिला काही उलगडा झालेला दिसला नाही. मग मी म्हटलं, मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते.

पलीकडे तिने आजीला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. म्हातारीचा आवाज आला, लांबून, मग जवळून. मुलगी परत माझ्याशी बोलू लागली. हळू बोलत होती, मला समजावं म्हणून. म्हणाली, आमचं घर एकमजली आहे. ते सुरुवातीला तक्रार करायचे की इथे झोप लागत नाही. आजीने गादी बदलून दिली, खोली बदलून दिली. मग एकदा त्यांनी सांगितलं, गादीचा प्रश्न नाही. त्यांच्या घरी वर कुणीतरी वाचत बसलेलं असायचं, पान उलटल्यावर खुर्ची थोडी वाजायची. ती वाजली की त्यांना झोप लागायची.

 मग तिने विचारलं, त्या तुम्हीच का?

मी हो म्हटलं.